माळ्यावरचे राक्षस आणि दिवाळीची साफसफाई



दशलक्षण पर्व आटोपलं, क्षमावाणी झाली, की आपल्याला दिवाळीच्या साफसफाईचे वेध लागतात. डबे घासायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, आणि सगळ्यात शेवटी माळा काढायचा. माळ्यावर काय नसतं! लग्नात आलेली आणि कधीच न लागलेली भांडी, मुलांची जुनी दप्तरं, तुटका पाट, आणि एखाद्या पिशवीत मुलांची खेळणी. त्या खेळण्यांत हमखास दोन-चार राक्षस निघतात. एक कवटीच्या तोंडाचा, एक अंगभर केसांचा, एखादा दात विचकणारा डायनासोर. सासूबाई म्हणतात, "ही पिडा आधी बाहेर काढ." भंगारवाला दारात उभाच असतो.

आज मी त्या राक्षसांची बाजू घेऊन लिहिणार आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ती पिशवी भंगारात घालू नका. आणि कुणी गोड बोलून "ताई, अख्खी पिशवी घेतो" म्हणालं, तर लगेच देऊही नका. आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा. मग ज्याचं खेळणं आहे त्याला विचारा. मग ठेवायचं, द्यायचं की विकायचं ते ठरवा. घरातली चांदी आपण वजन केल्याशिवाय देत नाही, मग हेच का न बघता द्यायचं?

हे राक्षस आपल्या घरी आले कसे

ज्यांची मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांना दूरदर्शनवरचा ही-मॅन आठवेल. मॅटेल या अमेरिकन कंपनीने त्याची खेळणी १९८२ मध्ये बाजारात आणली, १९८७ मध्ये त्यावर सिनेमाही आला. आपल्याकडे ती 'लिओ' या नावाने भारतात बनून मिळायची. गंमत म्हणजे पोरांना ही-मॅनपेक्षा त्याचे शत्रूच जास्त आवडायचे. कवटीतोंड्या स्केलेटर आणि केसाळ बीस्ट मॅन. आपल्याकडे बनलेल्या या बाहुल्यांचे रंग कधीकधी अमेरिकन बाहुल्यांपेक्षा वेगळे निघत. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आज नेमक्या त्या वेगळ्या रंगांसाठी परदेशातले लोक भारतीय बाहुल्या शोधत असतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलचंही तसंच. एमआरएफ गटाची ही कंपनी, कारखाना गोव्यात. तिने भारतात काढलेले जी. आय. जो चे शिपाई आज जगभरचे संग्राहक मागतात.

मग १९९४ मध्ये ज्युरासिक पार्क हिंदीतून आला आणि गावोगावची पोरं डायनासोरवेडी झाली. केनर या कंपनीचे अस्सल डायनासोर एखाद्याच घरी आले असतील, तेही परदेशातल्या आतेभावा-मामेभावाच्या बॅगेतून. बाकीच्यांनी कचनेरच्या यात्रेत किंवा जालन्याच्या बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या नकलांवर हौस भागवली. मुलांच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक नव्हता.

आणि आपल्या पिढीचं सांगायचं, तर बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात निघणारे ते बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे प्राणी आठवतात ना? ते गोळा करायला आपण घरच्यांना दोन वेळा दात घासायला लावायचो. म्हणजे हे वेड फक्त मुलांचं किंवा परदेशाचं नाही. तिकडे मात्र ते फार मोठं आहे. अमेरिकेत ऑरोरा कंपनीने १९६१ मध्ये फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा जोडायचा प्लास्टिकचा संच काढला. जपानात मारुसान कंपनीने १९६६ मध्ये गॉडझिलाचा मऊ व्हिनाइलचा बाहुला काढला. या दोन्हींना आज जुन्या वस्तूंच्या बाजारात मान आहे.

चारशे रुपयांची पिशवी

माझ्या नणंदबाईंच्या घरी गेल्या वर्षी जे झालं ते त्यांना विचारूनच लिहिते आहे. दिवाळीआधी एक माणूस गावात फिरत होता. जुनी खेळणी, जुने रेडिओ, पितळी अडकित्ते घेतो म्हणाला. नणंदबाईंनी माळ्यावरची पिशवी दाखवली. अकरा खेळणी होती. त्याने पिशवीत हात घालून वरवर पाहिलं आणि चारशे रुपये दिले. भंगारवाल्याने वीसही दिले नसते, म्हणून वन्सं खूश.

जानेवारीत त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. कुणीतरी त्याला एक फोटो पाठवला होता. विकायला काढलेला बीस्ट मॅन, सांगितलेली किंमत साडेपाच हजार. फोटोत बाहुल्याचा तळपाय दिसत होता आणि त्यावर कर्कटकाच्या टोकाने कोरलेलं 'र' होतं. चौथीत असताना त्यानेच कोरलेलं.

तो पैशांवरून एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मम्मी, एकदा फोन केला असतास." वन्संना ते वाक्य साडेपाच हजारांपेक्षा जास्त लागलं.

त्या माणसाने काही चोरी केली नाही. मागितलं, आपण दिलं. पण त्याला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं, सगळा सौदा तेवढ्यावर झाला. माझा राग आहे तो या 'माहीत नसण्या'वर. घरातली वस्तू सांभाळायची बाईने, झाडायची बाईने, आणि तिची किंमत मात्र दारात आलेल्याने सांगायची, असं का?

आमच्या जांब समर्थला हा प्रश्न फार मोठ्या रूपात येऊन गेलेला आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म जिथे झाला ते हे गाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. विधिमंडळापर्यंत प्रश्न गेला. काही आठवड्यांनी पोलिसांनी आरोपी पकडून मूर्ती शोधून काढल्या, तेव्हा गावाच्या जिवात जीव आला. देवाच्या मूर्तीशी प्लास्टिकच्या बाहुल्याची बरोबरी मी करणार नाही, कुणी करूही नये. पण त्या दिवसांत एक गोष्ट लख्ख दिसली. नेणाऱ्याच्या लेखी धातू होता, बाजार होता. गावाच्या लेखी पिढ्यान् पिढ्यांचा नमस्कार होता. एकाच वस्तूच्या या दोन किमती कधीच एक होत नाहीत. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बायकांनी आपापल्या देवघरातल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले. तीच सवय घरातल्या बाकीच्या जुन्या वस्तूंना लावा, असं मी सांगते आहे.

पारख कशी करायची

यासाठी तज्ज्ञ व्हायला नको. तांदूळ निवडताना लागतो तेवढा धीर आणि चांगला उजेड पुरे. भिंग असेल तर उत्तम.

आधी खूण शोधा. तळपाय, पाठ, मानेखाली, मांडीची आतली बाजू, इथे बारीक अक्षरं उमटवलेली असतात. कंपनी, देश, साल. केनरच्या ज्युरासिक पार्कच्या डायनासोरांच्या पायावर सिनेमाची खूण आणि आकडा असतो. सालाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कोरलेलं साल बहुधा हक्क नोंदवल्याचं असतं, वस्तू बनवल्याचं नसतं. ही-मॅनच्या कितीतरी बाहुल्यांच्या पाठीवर १९८१ आहे, पण त्या दुकानात आल्या १९८२ पासून आणि पुढे अनेक वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे "१९८१ चा आहे" म्हणून कुणी किंमत चढवली किंवा पाडली, तर मान डोलवू नका.

मग हातातलं सामान पाहा. स्केलेटरबरोबर मेंढ्याच्या मुंडक्याची काठी, तलवार आणि छातीचं चिलखत यायचं. बीस्ट मॅनला चाबूक, चिलखत आणि दंडावरची कडी. नुसता बाहुला आणि सगळं सामान असलेला बाहुला यांच्या भावात खूप अंतर पडतं. खोकं किंवा मागचा छापील पुठ्ठा असेल तर आणखी. म्हणून पिशवीच्या तळाशी पडलेली ती काडीएवढी तलवार कचरा समजून झाडून टाकू नका. सगळे सुटे तुकडे एका डबीत ठेवा. कोणता कुणाचा ते नंतर जुळवता येतं.

तिसरी गोष्ट अवस्था. सांधे घट्ट आहेत की ढिले? ही-मॅनच्या बाहुल्यांचे पाय आतल्या रबराने धरलेले असतात, ते रबर थकलं की बाहुला उभा राहत नाही. रंग उडालाय? बोटं, शेपटीचं टोक, कान चावलेले आहेत? प्लास्टिक पिवळं पडलंय, की चिकट झालंय? जे आहे ते कागदावर लिहा. दोष लपवून विकणं हे आपल्या सत्याणुव्रतात बसत नाही, आणि तसंही घेणारा ते बघतोच.

चौथी गोष्ट, अस्सल की नक्कल. जुन्या बाहुल्यावरून साचा घेऊन नवा ओतला, तर तो मूळ बाहुल्यापेक्षा किंचित लहान भरतो आणि बारीक रेषा बोथट होतात. दोन शेजारी ठेवले की डोळ्यांना कळतं. रंग जुन्या ओरखड्यांच्या वरून गेलेला असेल, तर तो नंतर दिलेला आहे. पण यात्रेतली नक्कल म्हणजे लगेच कचरा, असंही नाही. तिला बाजार नसेल, पण तुमच्या मुलाचं सारं बालपण तिच्याशी गेलेलं असू शकतं.

शेवटची गोष्ट भावाची, आणि इथेच आपण बायका फसतो. इंटरनेटवर कुणी तरी पन्नास हजार लिहिलेलं दिसतं आणि घरात लाडू वाटायची वेळ येते. थांबा. लिहिलेली किंमत म्हणजे त्या माणसाची इच्छा. आपण बघायचा तो विकल्या गेलेल्या वस्तूंचा भाव. ईबेसारख्या साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारा पर्याय असतो, मुलांना सांगा, ती काढून देतील. तशाच अवस्थेतल्या, तेवढंच सामान असलेल्या चार-पाच वस्तूंचे भाव पाहा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा. मधल्या भावातून साइटचं कमिशन आणि पाठवण्याचा खर्च वजा करा. जे उरतं ते तुमच्या हातात पडणार. त्या साडेपाच हजारांनाही मी हाच नियम लावते. तो बीस्ट मॅन शेवटी कितीला गेला, गेला की नाही, हे त्या फोटोवरून ठरत नाही.

आणि अख्खी पिशवी एका भावात कधीच देऊ नका. घेणाऱ्याला त्यातल्या एकाच वस्तूत रस असतो आणि बाकीच्या दहांच्या गर्दीत तो ती लपवतो. एकेक बाहेर काढून ओळीत मांडा. कोणत्या बाहुल्याकडे तो बघायचं टाळतोय, तेही बघा.

सांभाळायचं कसं

प्लास्टिक अमर असतं असं आपण ऐकतो. नदीत, उकिरड्यावर असेल. माळ्यावर मात्र ते म्हातारं होतं. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. प्लास्टिकसाठी याहून वाईट जागा नाही.

मऊ व्हिनाइलच्या खेळण्यांत प्लास्टिक मऊ राहावं म्हणून एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. उष्णतेने ते हळूहळू बाहेर झिरपतं. बाहुला चिकट लागतो तो त्यामुळे. त्या चिकटपणावर धूळ बसते, मुंग्या-चिलटं अडकतात, म्हणजे विनाकारण हिंसा. वर टाल्कम पावडर थापून उपयोग नाही, तिचाच मळ होतो. हलक्या हाताने पुसा आणि जागा बदला. घराच्या मधल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तिथे ऊन नाही आणि ताप कमी.

मऊ आणि कडक प्लास्टिक एकमेकांना चिकटून ठेवू नका. मऊ प्लास्टिकमधून झिरपणारं द्रव्य कडक प्लास्टिकला खातं, दोन्ही एकमेकांत वितळल्यासारखी रुततात आणि मग सुटत नाहीत. प्रत्येक बाहुला जुन्या, धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या सुती कापडात वेगळा गुंडाळा. त्या कापडाला खळ नको. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रबरबँड तर मुळीच नको, तो वितळून कायमचा वळ सोडतो. खोकं पुठ्ठ्याचं चालेल, पण हवाबंद पिशवीत कोंडू नका.

डांबरगोळ्या टाकू नका, हे मी दोन कारणांनी सांगते. एक कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्या जीव मारायलाच बनवलेल्या असतात. दुसरं कमी माहीत आहे. त्यांची वाफ काही प्रकारच्या कडक प्लास्टिकला मऊ करून बिघडवते. म्हणजे अहिंसाही जाते आणि वस्तूही. जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवली की किडे येतच नाहीत. पावसाळ्यात कपाटाला ओल धरते का तेवढं बघा. बुरशी एकदा आली की ती काढणं म्हणजे अनंत जीवांचा घात, म्हणून ती येऊच नये ही खबरदारी बरी.

धुवायचं झालं तर गाळलेलं कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. आधी तळपायावर करून बघा, रंग सुटत नसेल तरच पुढे जा. पोकळ बाहुल्याच्या आत पाणी जाऊ देऊ नका. ज्यात स्क्रू किंवा स्प्रिंग आहे तो पाण्यात बुडवू नका, गंजतो. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढायचं पाणी लांब ठेवा. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात ॲसिटोन असेल, तर जोडायच्या संचातलं कडक प्लास्टिक डोळ्यांदेखत विरघळतं. कागदी लेबलाला पाणी लावू नका. सुकवायचं ते सावलीत. गादीसारखं उन्हात टाकलं तर रंग जातो आणि प्लास्टिक पिवळं, ठिसूळ होतं.

अजून एक, आणि हे आजी झालेल्यांसाठी. जुनं खेळणं कौतुकाने रांगत्या नातवाच्या हातात देऊ नका. जुन्या रंगांत आणि प्लास्टिकमध्ये शिसं, कॅडमियम अशी द्रव्यं असू शकतात, आणि बाळ पहिलं काम ते तोंडात घालायचं करतं. आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीच्या खेळण्यांची तशी तपासणी झालीच असेल असं धरून चालू नका. जुना राक्षस बघायला, खेळायला नवं लाकडी किंवा कापडी.

"पण राक्षस, आणि तोही जैनाच्या घरात?"

हा प्रश्न मला मंदिरात दोघी-तिघींनी विचारला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपण साखरेची चित्रं खात नाही, प्राण्याच्या आकाराचा केक कापत नाही. यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये यशस्तिलकात ती विस्ताराने सांगितली. आईच्या, चंद्रमतीच्या, आग्रहावरून राजाने जिवंत नव्हे तर पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि दोघांना किती जन्म भोगावं लागलं! आकार पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता.

ही कथा मी राक्षसांच्या विरोधात वाचत नाही. ती सांगते की दोष आकारात नसतो, त्या आकाराशी आपण काय करतो त्यात असतो. मूल स्केलेटरला हातात धरून "मारा, कापा" करत असेल, तर जवळ बसून बोलायला हवं, आणि ते बोलणं बंदुकीच्या खेळण्यालाही लागू आहे, मोबाइलमधल्या खेळालाही. कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेल्या बाहुल्याने कोणता भाव बिघडतो?

आणि भयंकर रूपं आपल्याला परकी कुठे आहेत? वेरूळच्या ३२ व्या लेण्यात पार्श्वनाथ भगवंतांवरचा कमठाचा उपसर्ग कोरलेला आहे. चहूबाजूंनी अक्राळविक्राळ आकृत्या धावून येताहेत आणि मध्ये भगवंत निश्चल उभे आहेत. कलाकाराने राक्षस गाळले असते, तर त्या निश्चलतेचं मोल आपल्याला कळलं असतं का? कितीतरी जुन्या देवळांच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख असतं, वटारलेल्या डोळ्यांचं आणि उघड्या जबड्याचं. त्याला ओलांडूनच आपण आत दर्शनाला जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. हा परिग्रह नाही का? आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह ठरतो तो वस्तूवरून नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे तिच्यात गुंतून पडण्यावरून. जुन्या खेळण्यांच्या नादाला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. एक आणलं की दुसरं हवं, दुसरं आणलं की त्याचं खोकं हवं. म्हणून मी 'गोळा करा' म्हणतच नाही. जे घरात आहे त्याची नीट विल्हेवाट लावा, एवढंच म्हणते. परिमाण ठरवा. आमच्या घरी एक खोकं आहे, चपलांच्या खोक्याएवढं. त्यात मावेल तेवढं ठेवायचं. नवं काही आत आलं तर एक बाहेर.

पण मूर्च्छा दोन्ही बाजूंनी होते, हेही लक्षात घ्या. न बघता फेकून देणं म्हणजे अपरिग्रह नव्हे, तो आळस झाला. आणि भाव ऐकून घाईघाईने मुलाची वस्तू विकणं हा तर सरळ लोभ. त्यातही ती वस्तू दुसऱ्याची. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, म्हणून त्यांच्या वस्तू आपोआप आपल्या होत नाहीत. न विचारता घेऊ नये हे आपण त्यांना पाचव्या वर्षी शिकवलं. ते आपल्यालाही लागू आहे.

यंदा एवढं करा

माळा काढाल तेव्हा एक दुपार या पिशवीसाठी ठेवा. प्रत्येक खेळण्याचे तीन फोटो काढा: पुढून, मागून आणि खुणेचा. एका वहीत ओळ लिहा. काय आहे, कुणाचं आहे, कुठून आलं, काय तुटलंय. "भाईजींनी दुबईहून आणला, १९९५" एवढी ओळही पुरे. उद्या विकायची वेळ आली तर ती माहिती उपयोगी पडेल, आणि नाही आली तरी घरात राहील.

मग फोटो ज्याचे त्याला पाठवा आणि आठ दिवस थांबा. तो म्हणाला ठेव, तर ठरलेल्या खोक्यात ठेवा. म्हणाला विक, तर वर सांगितल्याप्रमाणे भाव काढा, आणि पैसे त्याचे त्याला द्या. म्हणाला देऊन टाक, तर ज्याला आवड आहे अशा मोठ्या मुलाला द्या, त्यातलं काय जपायचं ते सांगून. उत्तरच आलं नाही तर आणखी एक फोन करा.

आमच्या वन्संनी यंदा नवरात्रातच उरलेला माळा काढला. लेकीची एक बाहुली आणि लेकाचा शेपूट तुटलेला, बिननावाचा एक डायनासोर सापडला. बाजारात त्याला कुणी दहा रुपये देणार नाही. त्यांनी फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "ठेव, दिवाळीत येतोय."

जय जिनेंद्र.